आकडेवारी की गावात मुक्काम?

ग्रामीण गरिबीवर संशोधन करू पाहणाऱ्या पुण्यातल्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. पहिली राष्ट्रीय नमुना पाहणीची, म्हणजे देशभरातल्या निवडक कुटुंबांना त्यांचा खर्च विचारणाऱ्या सरकारी पाहणीची. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी याच पाहणीतल्या खर्चाच्या आकड्यांवरून, माणशी रोज २,२५० कॅलरी धरून, देशातली गरिबी मोजली. सगळा देश कवेत घ्यायचा तर हीच वाट.

दुसरी वाट इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७५ मध्ये धरली: महबूबनगर, सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतली सहा गावं, तीच कुटुंबं, वर्षानुवर्षं. माहिती घेणारेही गावातच राहणारे. पाऊस हुकला की कोणी बैल विकतो, कोणी सावकार गाठतो, कुठे घरातली बाई जास्त दिवस मजुरीला जाते, हे इथे दिसतं. यंदा दारिद्र्यरेषेखाली असलेलं घर पुढच्या सुगीत वर येतं, शेजारचं खाली जातं; एकदाच केलेल्या पाहणीत दोन्ही घरं नुसत्या टक्केवारीत विरघळतात. सहा गावांवरून अख्ख्या महाराष्ट्राबद्दल बोलता येत नाही, हे खरंच.

गरीब किती, हे विचारायचं असेल तर पहिली वाट. पण कोरडवाहू शेतकरी गरीब का राहतो हे समजून घ्यायचं असेल, तर मी त्या सहांपैकी सोलापूरच्या शिरापूरसारख्या गावाचीच बाजू घेईन. आणि तिथे गेलात तर शेतमजूर बाईची मजुरी तिच्याच तोंडून लिहून घ्या, घरधन्याकडून नको.