पुग्याच्या नावाखाली चुमाथांग दाखवले, २६,००० रुपये बुडवले

लडाखच्या सहली विकणारे एजंट आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या लहान गावांपर्यंत पोहोचले आहेत. त्यांच्यापैकी एकाने कापसाचा चुकारा हाती आल्याचे पाहून आम्हा चौघांकडून माणशी ४२,५०० प्रमाणे १,७०,००० रुपये घेतले आणि वर 'पुगा खोऱ्याची खास सहल, परवान्यासह' म्हणून माणशी ६,५००, म्हणजे २६,००० रुपये वेगळे उकळले. मूळ रकमेची पावती मिळाली, या २६,००० ची मात्र मिळाली नाही, कारण ती रक्कम क्यूआर कोडवरून भलत्याच नावाच्या खात्यात गेली. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावरचे नाव वाचा. ते दुकानाचे नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

पुगा हे लेहच्या आग्नेयेस सुमारे ४,४०० मीटर उंचीवरचे भू-औष्णिक क्षेत्र आहे. तिथे जमिनीतून उकळते पाणी आणि वाफ उसळते, भोवती टाकणखाराचा पांढरा थर आणि गंधकाचे पिवळे डाग असतात, आणि हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळते. ओएनजीसीने २०२१ मध्ये तिथल्या प्रकल्पासाठी करार केल्याचे वाचल्यापासून ते पाहण्याची माझी इच्छा होती.

चालकाने उपशीमार्गे सिंधूच्या काठाने नेऊन नदीलगत वाफाळणाऱ्या झऱ्यांपाशी गाडी थांबवली आणि "हेच पुगा" असे सांगितले. समोरच्या खानावळीच्या पाटीवर चुमाथांग असे लिहिलेले मी स्वतः वाचले होते. ती पाटी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. विचारले तर "पूर्ण पट्ट्यालाच तसे म्हणतात" असे उत्तर मिळाले. चुमाथांग हे सिंधूकाठचे वेगळेच ठिकाण आहे, पुगा सिंधूच्या काठावर नाही. त्यासाठी पुढे माहेला पुलावरून नदी ओलांडून सुमदोच्या बाजूला आत वळावे लागते, आणि तो पूल आम्ही ओलांडलाच नव्हता. परंतु फोनला रेंज नाही, पत्नीला धाप लागलेली, आणि आयुष्यात उनकेश्वरच्या कुंडापलीकडे गरम पाण्याचा झरा न पाहिलेला माणूस तिथे चालकाशी कशाच्या बळावर वाद घालणार होता? लेहला परतल्यावर मुलाने फोटोंवरचे ठिकाण नकाशाशी ताडून पाहिले, तेव्हा सगळा प्रकार उघडा पडला.

गावी आल्यावर एजंटने "चालकाला विचारा" म्हणून हात झटकले. पोलीस ठाण्यात मला आधी बाकावर बसवून ठेवले गेले, नंतर ठाणेदारांनी "फिरून तर आलात ना?" असे विचारले आणि शेवटी गुन्हा लेहच्या हद्दीतला असल्याचे सांगून अर्ज परत केला. पैसे माझ्या गावातून गेले, घेणारा याच बाजारपेठेत बसतो, तरी हद्द लेहची कशी? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यायची असते, हे मी दाखवले तेव्हा "आम्हाला कायदा शिकवू नका" असे ऐकावे लागले. लेहला फोन केला, तर तिकडून व्यवहार महाराष्ट्रात झाल्याचे उत्तर आले. कर भरणाऱ्या माणसाने मग कोणाच्या दारात उभे राहायचे?

आता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करत आहे. २०१९ च्या कायद्यामुळे तो स्वतःच्या जिल्ह्यात करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क लागत नाही. लेहचे पर्यावरण शुल्क प्रवाशाला स्वतः ऑनलाइन भरता येते, त्यासाठी कोणालाही 'परवान्याचे' पैसे देऊ नका. त्या एजंटचे दुकान आजही उघडे आहे आणि तो पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम घेत आहे. ज्यांनी ती भरली असेल त्यांनी मार्गात माहेचा पूल आणि सुमदो ही नावे आजच त्याच्याकडून लेखी घ्यावीत.