एकच भूजल, दोन देश: जिनिव्हाचा मार्ग की एल पासोचा?

सीमेवरच्या शहराचं भूजल शेजारी देशही उपसत असेल, तर त्याच्याशी व्यवहार कसा ठरवायचा? दोन उदाहरणं समोर ठेवून बघू.

पहिलं जिनिव्हाचं. शहराखालचा जलधर, म्हणजे भूजल साठवणारा खडक-वाळूचा थर, फ्रान्सच्या हद्दीतही पसरलाय. 1960 नंतरच्या बेसुमार उपशामुळे पाण्याची पातळी 7 मीटरच्या आसपास उतरली. तेव्हा आर्व्ह नदीचं पाणी गाळून जमिनीत मुरवायचं ठरलं आणि 1980 मध्ये वेसी या ठिकाणी पुनर्भरण केंद्र सुरू झालं. त्याआधीच, 1978 मध्ये, जिनिव्हा कँटन (स्वित्झर्लंडचं घटक राज्य) आणि फ्रान्सचा ओत-साव्वा विभाग यांच्यात करार झाला होता. म्हणजे पाणी ज्यांच्या नळाला येतं, त्यांच्याच पातळीवर.

कराराची खरी ताकद हिशोबात आहे. केंद्र जिनिव्हाने स्वतःच्या पैशाने बांधलं. फ्रेंच बाजूला वर्षाला 50 लाख घनमीटरपर्यंत उपसा करता येतो. त्यातले पहिले 20 लाख घनमीटर पुनर्भरणाच्या खर्चातून मुक्त, कारण काही पाणी निसर्गतःही मुरतंच; त्यापुढच्या पाण्यासाठी खर्चात वाटा द्यायचा. उपशावर मीटर, आणि देखरेखीला दोन्हीकडच्या तीन-तीन सदस्यांचा आयोग. 30 वर्षं हे चाललं आणि 2008 पासून करार पुन्हा 30 वर्षांसाठी लागू झाला, या वेळी थेट फ्रेंच स्थानिक संस्थांशी.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं एल पासो आणि पलीकडचं मेक्सिकोचं सिउदाद हुआरेस. दोघांखाली वेको बोल्सन हा जलधर. अमेरिका-मेक्सिकोचा 1944 चा करार नद्यांच्या पाण्याचा. भूजलाची वाटणी त्यात नाही. कायदेही जुळत नाहीत: टेक्सासमध्ये जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, मेक्सिकोत राष्ट्राचं. त्यामुळे 1999 मध्ये दोन्ही शहरांच्या पाणीसंस्थांनी केला तो फक्त सामंजस्य करार. माहिती एकमेकांना द्यायची, उपशावर बंधन नाही. पुढे एल पासोने आपल्यापुरता मार्ग काढला: 2007 मध्ये खारट भूजल गोडं करणारा, दिवसाला सुमारे 10 कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. पैसा असलेल्या शहराला हे जमतं. पण शेजाऱ्याचा उपसा त्याने कमी होत नाही.

माझा कौल जिनिव्हाकडे, पण एक गोष्ट विसरू नका: जिनिव्हाचं बहुतांश पाणी लेमन सरोवरातून, म्हणजे शहरालगतच्या जिनिव्हा सरोवरातून येतं. भूजल आटलं तरी शहर तहानलेलं राहणार नव्हतं, म्हणून उदार अटी परवडल्या. हुआरेस कित्येक वर्षं जवळजवळ पूर्णपणे त्या एकाच जलधरावर जगलं. असं शहर 20 लाख घनमीटर फुकट द्यायला सहजी तयार होणार नाही.

म्हणून मुरवायला नदी आणि पहिला खर्च उचलणारा पक्ष, दोन्ही असतील तर थेट जिनिव्हासारखा करार करा. नसतील तर एल पासोसारखी माहितीची देवाणघेवाण चालेल, पण त्यातच उपशाचे आकडे दरवर्षी एकमेकांना दाखवण्याचं कलम घालून घ्या. ते नसेल, तर पुढे वाटणीच्या बैठकीत प्रत्येकजण आपापला आकडा घेऊन बसेल.