ग्वाकामोले आणि एक्सआरडीपी: अर्धं वर्ष वापरल्यानंतर

व्हर्च्युअल डेस्कटॉप सर्व्हर (ज्याच्यावरचा डेस्कटॉप लोक दुरून आपापल्या पडद्यावर वापरतात) कसा बसवायचा हे सांगणारे बहुतेक लेख 'लॉगिन झालं, डेस्कटॉप दिसला' इथे संपतात. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. बसवणं हे एका दुपारचं काम आहे. लोक हा डेस्कटॉप रोज निमूटपणे वापरणार की रोज फोन करणार, हे मात्र सेशनच्या, म्हणजे सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाने चालू असलेल्या डेस्कटॉपच्या, चार-पाच सेटिंग्जवर ठरतं, आणि त्यांच्याकडे सुरुवातीला कुणी ढुंकूनही बघत नाही.

आमची मांडणी साधी आहे. एका डेबियन लिनक्स सर्व्हरवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि एक्सआरडीपी (तो डेस्कटॉप आरडीपी या प्रोटोकॉलने दुरून दाखवणारा प्रोग्राम), वेगळ्या छोट्या व्हर्च्युअल मशीनवर अपाची ग्वाकामोले (तोच डेस्कटॉप ब्राउझरमध्ये आणणारा गेटवे), आणि सगळ्यांच्या पुढे बाहेरच्या विनंत्या आत पाठवणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स. वापरणारे पंधरा-वीस जण. त्यांच्या टेबलावर जुनी मशीन आहेत आणि त्यांत ब्राउझर चालला की पुरे. विंडोज सर्व्हरचाही विचार झाला होता. पण तिथे प्रशासनासाठीची दोन सेशन सोडली तर दर वापरकर्त्यामागे किंवा दर डिव्हाइसमागे सीएएल (जोडणीचा) परवाना लागतो, आणि सुरुवातीची सवलत १२० दिवसांचीच. आमचं काम लिब्रेऑफिस आणि ब्राउझरवर भागतं. एक्सआरडीपी आणि ग्वाकामोले दोन्ही अपाची २.० परवान्याखाली मोफत आहेत, त्यामुळे फार वाद झाला नाही.

ग्वाकामोलेचे दोन तुकडे आहेत, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. एक 'ग्वाकडी' नावाचा सी भाषेतला डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम). तो पोर्ट ४८२२ वर ऐकतो आणि आरडीपी, व्हीएनसी, एसएसएच वगैरे दुरून जोडणीचे प्रोटोकॉल तोच बोलतो. दुसरा टॉमकॅट या सर्व्हरवर चालणारा जावाचा वेब अॅप्लिकेशन, जो ब्राउझरला तोंड देतो. काही बिघडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, दोघांपैकी कोण? लॉगिन पानच येत नसेल तर टॉमकॅट बघा. लॉगिन होऊन कनेक्शन उघडताना एरर येत असेल तर ग्वाकडीचा लॉग उघडा, उत्तर नव्वद टक्के वेळा तिथेच असतं.

ग्वाकडी सोर्सवरून कंपाइल करणार असाल तर कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालवल्यावर शेवटी जो तक्ता छापला जातो तो नीट वाचा. कोणती लायब्ररी सापडली आणि कोणत्या प्रोटोकॉलचा सपोर्ट तयार होणार, हे तिथे 'येस' आणि 'नो'मध्ये लिहिलेलं असतं. फ्रीआरडीपी या आरडीपीच्या लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज नसेल तर आरडीपीपुढे मुकाट्याने 'नो' येतो आणि कंपाइल मात्र यशस्वी होतं! ग्वाकडी सुरूही होतो, फक्त आरडीपी कनेक्शन उघडत नाही. वेब अॅप्लिकेशनचंही एक आहे. ग्वाकामोलेच्या १.५ मालिकेला टॉमकॅट ९ लागतो, कारण टॉमकॅट १० मध्ये जावाच्या सर्व्हलेटची नावं 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' झाली. डेबियन १२ मध्ये टॉमकॅट १० येतो. हे कळलं की सरळ डॉकरकडे (तयार इमेजमधून प्रोग्राम चालवण्याच्या सोयीकडे) वळावंसं वाटतं, आणि माझं मतही तेच आहे. ग्वाकडीची एक इमेज, वेब अॅप्लिकेशनची दुसरी, पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची तिसरी. डेटाबेसची स्कीमा (तक्त्यांची रचना) इमेजमधल्याच स्क्रिप्टने तयार करून मिळते. त्यातून जो पहिला वापरकर्ता तयार होतो त्याचं नाव आणि पासवर्ड दोन्ही 'ग्वाकअॅडमिन'. नवा अॅडमिन तयार करून हे खातं काढून टाकल्याशिवाय सर्व्हर बाहेरच्या नेटवर्कला जोडू नका. त्याच बैठकीत टीओटीपीचं (मोबाइलवरच्या बदलत्या कोडचं) एक्स्टेंशनही टाकून घ्या. नंतर सगळ्यांना पुन्हा बोलावून मोबाइलवर कोड स्कॅन करायला लावणं जिवावर येतं.

एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी बफरिंग बंद आणि वेबसॉकेटचे (ब्राउझरशी सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीचे) अपग्रेड हेडर चालू, एवढं पुरतं. हेडर विसरले तरी ग्वाकामोले साध्या एचटीटीपीवर उतरून चालत राहतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. माऊस थोडा जड वाटतो इतकंच.

आता खरी गोष्ट, सेशनची.

माणूस ब्राउझरचा टॅब बंद करतो तेव्हा त्याच्या मते तो 'बाहेर पडला'. सर्व्हरच्या मते तो फक्त डिस्कनेक्ट झाला. त्याचा फायरफॉक्स, उघड्या स्प्रेडशीट, सगळं मेमरीत जसंच्या तसं. हीच या मांडणीची सगळ्यात मोठी सोय आहे. दुसऱ्या मशीनवरून लॉगिन केलं की अर्धवट लिहिलेलं वाक्य कर्सरसकट समोर येतं, आणि लोकांना हे प्रचंड आवडलं. पण एक्सआरडीपीच्या सेसमन (सेशनच्या सेटिंग्जच्या) फाइलमध्ये 'किलडिस्कनेक्टेड' मुळात बंद असतो. तो तसाच ठेवला तर ही सेशन कुणी मारत नाही आणि रॅम आठवडाभर हळूहळू भरत राहते. आम्ही तो चालू केला आणि 'डिस्कनेक्टेडटाइमलिमिट' बारा तासांवर ठेवला. हा आकडा सेकंदांत लिहायचा असतो, म्हणजे ४३२००. रात्री सोडलेलं काम सकाळी मिळतं, शुक्रवारचं मात्र सोमवारी मिळत नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना लेखी कळवा. सेव्ह न केलेली फाइल गेली की कुणाचंच समाधान करता येत नाही. आणखी एक, ही मुदत एक्सऑर्ग बॅकएंडलाच (बॅकएंड म्हणजे सेशनचा पडदा रंगवणारा भाग) लागू होते. व्हीएनसीचा बॅकएंड वापरत असाल तर त्याला वेगळं पॅरामीटर द्यावं लागतं.

दुसरा मुद्दा बारीक आहे, पण डोकं खाणारा. जुनं सेशन परत द्यायचं की नवं उघडायचं, हे एक्सआरडीपी डिफॉल्ट धोरणात वापरकर्ता आणि रंगांची खोली या दोन गोष्टींवरून ठरवतं. ग्वाकामोलेत एकाच सर्व्हरसाठी 'जलद' म्हणून १६ बिटचं आणि 'नेहमीचं' म्हणून ३२ बिटचं अशी दोन कनेक्शन करून ठेवली, की एकाच माणसाची दोन सेशन शेजारी शेजारी उभी राहतात. मग 'फायरफॉक्स आधीच चालू आहे' अशी तक्रार येते आणि 'माझ्या फाइली गायब झाल्या' असा फोन येतो. एका सर्व्हरला एकच कनेक्शन ठेवा, रंगांची खोली सगळ्यांना सारखी ठेवा. याच कारणाने सर्व्हरच्या समोर बसून त्याच खात्याने लॉगिन करून ठेवू नये. दूरून येणाऱ्याला बऱ्याचदा काळा पडदा दिसतो.

सेसमनमध्येच रूटचं लॉगिन बंद करा आणि 'ऑलवेजग्रुपचेक' (ठरलेल्या ग्रुपमधल्यांनाच प्रवेश) चालू करा. तो बंद असेल आणि टीएसयूजर्स नावाचा ग्रुप सिस्टिमवर नसेल, तर खातं असलेला कुणीही आत येऊ शकतो.

रॅमचा हिशेब डेस्कटॉपवरून करू नका, ब्राउझरवरून करा. एक्सएफसीई काहीशे एमबीत भागवतो. बाकी सगळं टॅब खातात. आम्ही सिस्टिमडीच्या यूजर स्लाइसमध्ये (लिनक्स दर वापरकर्त्याला देतं त्या वाट्यात) 'मेमरीमॅक्स' चार जीबी लावला. ड्रॉप-इन फाइलमध्ये दोन ओळी, बस. आता एखाद्याने पन्नास टॅब उघडले तर त्याचाच ब्राउझर मरतो, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. याच्याइतका कमी कष्टात जास्त शांतता देणारा बदल दुसरा नाही. एक्सएफसीईचा कंपोझिटरही बंद करा. सावल्या आणि पारदर्शकता दूरच्या पडद्यावर नुसता बोजा असतो.

क्लिपबोर्डबद्दल लोकांना आधीच सांगून ठेवा. एचटीटीपीएस असेल तर क्रोममध्ये कॉपी-पेस्ट परवानगी दिल्यावर सरळ चालतं. जिथे ब्राउझर अशी मुभा देत नाही तिथे कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून बाजूचा मेनू उघडायचा आणि तिथल्या चौकटीतून मजकूर न्यायचा. देवनागरी लिहायची असेल तर सर्व्हरवर फॉन्ट आणि आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करण्याचं साधन) बसवा आणि कीबोर्ड तिथेच बदला. स्वतःच्या मशीनवर इंग्रजीच राहू द्या.

फाइल ने-आण करायला आम्ही आधी ड्राइव्ह रिडायरेक्शन (बाहेरचं फोल्डर सेशनमध्ये ड्राइव्ह म्हणून दाखवणं) चालू केलं होतं. त्याने प्रत्येकाच्या होम फोल्डरात 'थिनक्लायंट_ड्राइव्ह्ज' हे फ्यूजचं माउंट (जोडलेलं फोल्डर) दिसतं, जे रूटलाही वाचता येत नाही. परिणामी रात्रीच्या बॅकअपच्या लॉगमध्ये परवानगी नाकारल्याच्या ओळींचा पाऊस. ते फोल्डर वगळलं की झालं. नंतर ग्वाकामोलेचा एसएफटीपी (एसएसएचवरून फाइल पाठवण्याचा) पर्यायच बरा वाटला आणि आता तोच आहे. प्रिंटर थेट सर्व्हरवर कप्समध्ये (लिनक्सच्या छपाई व्यवस्थेत) जोडले. आवाजासाठी पल्सऑडिओचं मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं. आम्ही नाद सोडला. व्हिडिओ पाहणं हे या मांडणीचं काम नव्हे, ते ज्याच्या त्याच्या मशीनवरच करावं.

अपग्रेडच्या वेळी ग्वाकामोलेचं वेब अॅप्लिकेशन आणि डेटाबेसचं एक्स्टेंशन एकाच आवृत्तीचं हवं. आवृत्ती जुळली नाही तर एक्स्टेंशन लोड न होण्याची शक्यता असते आणि मग लॉगिन पान समोर असूनही कुणालाच आत जाता येत नाही. डेटाबेसच्या स्कीमेसाठी अपग्रेडच्या वेगळ्या स्क्रिप्ट सोबत येतात. त्या क्रमाने चालवा, आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घ्या, आणि टॉमकॅट चालू करण्यापूर्वी आपली बारा तासांची मुदत लक्षात ठेवा. गेटवे बंद असला तरी त्या सर्व्हरवरच्या सेशनचं घड्याळ चालूच असतं.