ग्लेनफार्क्लास 25: वर्षाला हजार रुपये

माझ्या साठीला पुतण्याने एडिनबर्गहून ग्लेनफार्क्लास या स्कॉच व्हिस्कीची पंचवीस वर्षांची बाटली आणली. आणली म्हणजे आम्ही आणायला लावली. पैसे चौघांनी वर्गणी काढून दिले. तिकडच्या दुकानात 215 पौंड पडले, म्हणजे आपले पंचवीस हजार. वर्षाला हजार रुपये. एवढ्या भाड्यात आमच्या कागलात म्हशीलासुद्धा कोणी गोठा देणार नाही, असं म्हणून मनाची समजूत घातली.

हीच का, तर त्याला कारण आमचं गुऱ्हाळ. ही डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्कीचा कारखाना, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात, बेन रिनेस डोंगराच्या पायथ्याशी. 1865 पासून ग्रँट घराण्याकडेच आहे. स्कॉटलंडात बहुतेकांनी दारू गाळायची आपली तांब्याची भांडी कधीच वाफेवर तापवायला घेतली; यांची अजून थेट गॅसच्या जाळावर चालतात. मध्ये वाफेवर करून बघितलं होतं, पण अर्काची चव बदलली म्हणून परत जाळावर आले. बुडाला लागू नये म्हणून भांड्याच्या आत तांब्याच्या साखळ्या फिरत असतात. ज्याने चुलवाणावरची काहील ढवळली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. हात जरा थांबला की रस करपतो, आणि करपायच्या अगदी अलीकडे जी चव येते तिच्यासाठीच तर सगळा खटाटोप. आमचं गुऱ्हाळ बंद पडून पंचवीस वर्षं होत आली. त्याच सुमाराला हा माल पिंपात गेला असणार.

बाटली उघडायच्या आधी शेजारच्या सरांनी सल्ला दिला, "अजून दहा वर्षं तशीच ठेवा, पस्तीस वर्षांची होईल." तसं होत नाही. वय मोजतात ते लाकडी पिंपातलं, तेही मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या दारूचं. काचेत गेली की वय थांबलं.

रंग जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा. वरून रंग घालत नाहीत, जो आहे तो ओलोरोसो शेरी या स्पेनच्या द्राक्षाच्या दारूच्या पिंपांचा. पहिल्यांदा नाकाशी नेली तर दारूचा झणका आलाच नाही. काळ्या मनुका, संत्र्याची सुकी साल, आणि आजोबांच्या सागवानी कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा वास. दहा मिनिटं ग्लास तसाच ठेवला, मग काकवी आली. दाट, किंचित करपट. तिथे मी खूश.

तोंडात मात्र नाकाने कबूल केलेला गोडवा तेवढा मिळत नाही. अक्रोड, कडू चॉकलेट, जायफळ, आणि मग कात. पान खाऊन झाल्यावर जिभेवर कात राहतो ना, तसा तुरटपणा दोन्ही गालांना धरून बसतो. हे लाकडाचं काम. चव उतरायला पाच-सात मिनिटं लागतात, शेवटी हलका धूर. चार थेंब पाणी घातलं तर संत्रं वर येतं आणि कात जरा मागे सरतो. जास्त पाणी घालू नका, मुळात अल्कोहोल 43 टक्केच आहे, लगेच विस्कटते. दाजींनी सोडा मागितला. दाजी मोठे, त्यात पाहुणे, नाही कसं म्हणणार? पण त्यांच्या ग्लासात सोडा पडताना बाकी तिघेही खिडकीबाहेर बघत होते.

आता हिशेब. बाटली 700 मिलीची, तीस मिलीचे तेवीस पेग. पेगला जवळजवळ अकराशे रुपये. हे पैसे जातात कुठे? स्कॉटलंडच्या थंडीतही पिंपातला माल वर्षाला साधारण दोन टक्के उडतो. पंचवीस वर्षांत सुमारे चाळीस टक्के हवेत. आपल्याकडे हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणून गोव्याच्या किंवा बंगळुरूच्या सिंगल माल्टवर, म्हणजे एकाच कारखान्यातल्या जवाच्या व्हिस्कीवर, पंचवीसचा आकडा दिसत नाही. तेवढ्या वर्षांत पिंपच कोरडं पडेल. त्यामुळे किंमत मला लुबाडणूक वाटत नाही. याच वयाच्या, जास्त गाजलेल्या नावांच्या बाटल्या हिच्या कितीतरी पट महाग मिळतात, त्या मानाने ही स्वस्तच म्हणायची.

पण खिशातून पुन्हा पंचवीस हजार काढीन का? नाही. यांचीच पंधरा वर्षांची मी दोनदा प्यायलो आहे. 46 टक्के, तिकडे सत्तर पौंडांच्या आसपास मिळते. तिच्यात काकवी जास्त, कात कमी, आणि अंगात जोर आहे. पंचवीसचीत वास अप्रतिम, पण चवीत लाकडाने जरा जास्तच जागा अडवली आहे. वासाला दहापैकी नऊ देईन, तोंडाला साडेसात. चौघांत वाटून साठीला एकदा, हे ठीक. एकट्याने घेऊन कपाटात ठेवणार असाल तर नको. आणि उघडलीत तर वर्षभर पुरवून पिऊ नका, अर्धी रिकामी बाटली हवेने मिळमिळीत होत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिने ग्लास धुवायला घेतले, एक नाकाशी धरला आणि म्हणाली, "ह्यात काकवी घेतली होती काय ओ?" चारांपैकी तीन ग्लास मी तसेच ठेवायला सांगितले, दुपारपर्यंत वास होता. चौथा दाजींचा, तो धुतला.

पुतण्या दिवाळीला परत येतोय. विमानातून माणशी दोन लिटर आणता येते, म्हणजे 700 मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. दोन्ही पंधराच्या सांगितल्या आहेत.