झेब्राफिशसाठी एचएसपी७० अँटिबॉडी: पाचपैकी अडीच तारे

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ही तक्रार एकाच कंपनीपुरती नाही.

पाण्यात कॅडमियम हा विषारी धातू असला की झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांत एचएसपी७० हे ताणात बनणारं प्रोटीन वाढतं, हे जुनंच माहीत आहे. आम्हाला ते वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखतात त्या चाचणीत, बघायचं होतं. अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीनला धरणारं प्रोटीन) सशातली, पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटिबॉडींचं मिश्रण. वेबसाइटवर माशाचं चित्र ठळक, आणि खाली बारीक अक्षरात 'प्रेडिक्टेड'. म्हणजे सीक्वेन्स जुळतो एवढंच, माशावर लावून बघितलंय कुणी?

पार्सल बर्फात नीट आलं. ७० किलोडाल्टनला (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) पट्टीही सुरेख, बॅकग्राउंड जवळजवळ नाही. पण कंट्रोलच्या लेनमध्येही (कॅडमियम न दिलेल्या पिल्लांच्या रकान्यातही) ती तितकीच जाड! एचएससी७० नावाचा जुळा भाऊ पेशीत बारमाही मुक्कामाला असतो, आणि ही अँटिबॉडी दोघांनाही धरते. हीट शॉक म्हणून २८.५ अंशांवरची पिल्लं तासभर ३७ अंशांना ठेवली, तेव्हा पट्टी डोळ्यांना कळण्याइतकी आणखी जाड झाली. कॅडमियमच्या लेनमध्ये मात्र काही कळेना. त्यात कॅडमियमचा परिणाम कातडी, कल्ले अशा मोजक्या ठिकाणी असतो. अख्खं पिल्लू वाटून घेतलं की तो आणखी पातळ होतो.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "बलक काढलास ना नीट?" पिल्लांच्या पोटाला असतो तो बलक काढला होता. कॅल्शियम नसलेलं रिंगर नावाचं क्षारद्रावण, २०० मायक्रोलिटरच्या टिपने वरखाली, मग हलकं स्पिन. बलक राहिला की ब्रॅडफोर्डचा (एकूण प्रोटीन मोजायच्या चाचणीचा) आकडा फुगतो आणि खरं प्रोटीन लेनमध्ये कमीच पडतं. आमचं ॲक्टिन (सगळ्या लेनमध्ये सारखं प्रोटीन पडलंय का हे तपासायचं प्रोटीन) ४२ किलोडाल्टनला सगळीकडे सारखं होतं, त्यामुळे दोष आमच्या हातांचा नाही हे मॅडमनीही मानलं.

टेक्निकल सपोर्टला मेल केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, हे चांगलं. सल्ला: डायल्यूशन वाढवा, म्हणजे अँटिबॉडी आणखी पातळ करा. वाढवलं. सगळ्याच पट्ट्या फिक्या झाल्या!

नुसता हीट शॉक दाखवायचा असेल, प्रॅक्टिकलला वगैरे, तर खुशाल घ्या. प्रदूषित पाण्याचं काम असेल तर फक्त ताणात बनणारं एचएसपी७० ओळखणारी अँटिबॉडी शोधा, आणि ऑर्डरआधी झेब्राफिशचा खरा ब्लॉट मागा. कुणी म्हणेल, मग क्यूपीसीआर करून आरएनए मोजा की. करतोच, पण आरएनए वाढला म्हणून प्रोटीन वाढलंच असं नसतं. आणि ट्रायल साइज मागायला लाजू नका. दुसऱ्या एका कंपनीने आम्हाला २० मायक्रोलिटर फुकट पाठवलं.