टायरवाल्याची बादली की रेंजवरची माती?

घरी बंदुकीच्या गोळ्या ओतायचं ठरलंय, साचा आलाय, भट्टी आलीय आणि आता शिसं टायरच्या दुकानातून आणायचं की नेमबाजीच्या रेंजवरच्या मातीतून काढायचं यावर घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी ओहायोत राहतो, .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर वापरतो, कागदी निशाण्यावर मारतो, शिकार करत नाही. पुढची सगळी मतं याच चौकटीतली आहेत. तुमच्याकडे रायफल असेल तर अर्धं सोडून द्या.

आधी कायद्याचं उरकतो. भारतात हा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तेव्हा पुण्या-नागपूरच्या मंडळींनी वाचावं आणि सोडून द्यावं. अमेरिकेत स्वतःपुरत्या ओतायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायचं म्हटलं की लागतो. काही राज्यांचे नियम वेगळे आहेत, ते आपापले बघा. आपल्या लोकांपैकी पुष्कळ जण एच-१बी वर असतात. त्या व्हिसावर बंदूक आणि दारूगोळा बाळगायलाच केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्यावेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.

आता शिसं. जुने ओतणारे डोळे झाकून सांगतात, ‘टायरच्या दुकानात जा आणि चाकांची जुनी वजनं आण.’ चाकाचा तोल साधायला रिमवर लावतात ती ही वजनं. सल्ला चुकीचा नव्हता. रिमच्या कडेला चिमट्याने बसवलेल्या वजनांत शिशाबरोबर तीन-चार टक्के अँटिमनी, म्हणजे शिसं कडक करणारा धातू, आणि किंचित कथील असतं. कडकपणा ब्रिनेल या कडकपणाच्या मापावर ११-१२ च्या आसपास येतो. एवढ्यात पिस्तुलाचं बहुतेक काम भागतं, वर काही मिसळावं लागत नाही. चिकटवायची पट्टीवाली वजनं जवळजवळ शुद्ध शिशाची, म्हणजे मऊ. ती वेगळी काढून ठेवली की झालं. एके काळी दुकानदार बादली नुसती उचलून न्या म्हणायचे, कारण त्यांनाही ती अडगळच.

तो काळ सरला. युरोपीय संघाने २००५ मध्ये शिशाची वजनं बंद केली. कॅलिफोर्नियात २०१० पासून आणि वॉशिंग्टन राज्यात २०११ पासून बंदी आली, मग आणखी काही राज्यं त्या वाटेने गेली. ओहायोत अजून कुठे कुठे शिसं लागतं, पण गाड्या राज्याची हद्द बघून धावत नाहीत. त्यामुळे बादलीत शिसं, लोखंड आणि जस्त असा तिन्हींचा खच असतो, वर सिगारेटची थोटकं, व्हॉल्व्हच्या टोप्या आणि कुणीतरी थुंकलेला च्युइंग गम. दुकानदार आता फुकटही देत नाही. भंगारवाला त्याला पैसे देतो, मग तुमच्याकडूनही तो ते मागणारच.

लोखंडाची वजनं चुंबकाने सुटतात आणि राहिली तरी वितळत नाहीत, वर तरंगतात. माझं डोकं उठवलं ते जस्ताने. बऱ्याच वजनांवर ‘झेडएन’ अशी जस्ताची खूण असते, पण सगळ्यांवर नसते. ज्यांवर असते त्यांवर रंगाचा लेप, त्यावर ब्रेकची काळी धूळ. मग एकेक वजन कातरपक्कडीत धरून दाबून बघायचं. चावा खोल गेला तर शिसं, नुसता ओरखडा उठला तर जस्त. किंवा फरशीवर टाकून आवाज ऐकायचा, शिसं थप्प पडतं, जस्त खणखणतं. ऐकायला सोपं आहे. पण गॅरेजमध्ये स्टुलावर बसून, हातमोजे घालून, काळ्या पडलेल्या शेकडो तुकड्यांवर हे करायचं म्हटलं की तासाभराने माणूस प्रत्येक तुकड्याकडे संशयाने बघायला लागतो. जो छंद डोकं शांत व्हावं म्हणून घेतला, त्यातला निम्मा वेळ निवडण्यात जायला लागला.

इतकं करूनही खात्री मिळत नाही. शिसं वितळतं साधारण ३२७ अंश सेल्सियसला आणि जस्त ४१९ ला. म्हणजे कढईचं तापमान ३७० च्या खाली ठेवलंत तर चुकून गेलेलं जस्त न विरघळता वर येतं आणि झाऱ्याने काढता येतं. थर्मामीटर लावून मी तसंच करतो. पण प्रोपेनच्या शेगडीवर ठेवलेली बिडाची कढई एका बाजूला किती तापली आहे हे थर्मामीटरला कळत नाही, आणि वाऱ्याची झुळूक थांबली की आच अचानक वाढते. पुरेसं जस्त एकदा विरघळलं की तो घाणा नासलेल्या दुधासारखा गुठळ्या धरतो, साच्याचे कोपरे भरत नाहीत. थोडंसं जस्त चालतं, वर कथील टाकून आच वाढवली की निभतं, असं म्हणणारेही आहेत, आणि कदाचित त्यांचं बरोबर असेल. माझ्यापुरतं सांगायचं तर गोळी नीट भरली नाही की साचा गार पडलाय, कथील कमी आहे की जस्त शिरलंय, हा तिसरा प्रश्न मला नको होता.

रेंजच्या मातीतल्या शिशात हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. निशाण्यामागच्या मातीच्या बांधातून निघतं ते सगळं कुणीतरी आधी झाडलेलं असतं, आणि गोळ्यांमध्ये जस्त क्वचितच सापडतं. शिशाखेरीज असतं ते गोळीवरचं तांब्याचं वेष्टण, म्हणजे जॅकेट, आणि क्वचित पोलादी गाभा. दोन्ही शिशापेक्षा हलके, म्हणून शिसं वितळलं की आपोआप वर येतात. झाऱ्याने काढायचे आणि गार झाल्यावर वेगळ्या डब्यात टाकायचे, कारण तांब्याला भंगारवाला चांगला भाव देतो. निवडणं, चावणं, खणखणाट काहीच नाही. चाळणीने माती झाडायची आणि कढईत ओतायचं.

यातही कटकटी आहेत, त्या लपवत नाही. पहिली म्हणजे परवानगी. बांधातलं शिसं क्लबचं असतं. काही क्लब ते ठेकेदाराकडून काढून घेतात, काही सभासदांना श्रमदानाच्या बदल्यात नेऊ देतात. आमच्याकडे दुसरा प्रकार आहे, म्हणून माझं जमलं. बंदिस्त व्यापारी रेंजकडे मी वळलो नाही. तिथलं शिसं बारीक चुरा झालेलं असतं, त्यात प्रायमरची, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीची, विषारी धूळ मिसळलेली, आणि ते बहुधा आधीच कुणाला तरी विकलेलं असतं.

दुसरी कटकट गंभीर आहे. जॅकेटच्या पोटात पाणी अडकून राहतं. ओली गोळी वितळलेल्या शिशात पडली की वाफेचा स्फोट होतो आणि कढईतलं शिसं छताला लागतं. म्हणून कढई थंड असतानाच भरायची, माल आत आणि मग खालून आच. वितळलेल्या शिशात नवा माल कधीही टाकायचा नाही. ढिगाऱ्यात एखादं न झाडलेलं काडतूसही निघतं, विशेषतः .२२ चं, तेव्हा चाळताना नजर हवीच. म्हणजे निवडावं इथेही लागतं. पण पितळी काडतूस डोळ्यांना लगेच दिसतं, त्यासाठी प्रत्येक तुकडा दाबून बघावा लागत नाही.

तिसरी गोष्ट कडकपणाची, आणि चाकांच्या वजनांचे पुरस्कर्ते इथेच बोट ठेवतात. .२२ ची गोळी आणि जॅकेटमधला गाभा बहुतेक मऊ, एखाद्याने ओतलेली कडक गोळी मधेच. सगळं मिळून माझ्या हाती येतं ते नखाने जेमतेम ओरखडा उठेल असं, ब्रिनेलवर अंदाजे ८ ते १० च्या दरम्यानचं. पण .३८ स्पेशलच्या काडतुसाचा कमाल दाब १७,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, .३५७ मॅग्नमचा ३५,०००. माझ्या दारूच्या सौम्य भारांना हे मऊ शिसं उलट मानवतं, नळीत शिशाचा थर धरत नाही. नळीला बसणारं माप बरोबर असलं की कडकपणाची चिंता निम्मी कमी होते, असं माझं मत झालंय. मॅग्नम किंवा रायफल असेल तर मात्र वजनांच्या बाजूने मत द्यायला मी तयार आहे.

साचा नीट भरायला थोडं कथील लागतं. ते मी सेकंडहँड दुकानातल्या प्यूटर या मिश्रधातूच्या पेल्यांतून काढतो. आधुनिक प्यूटर नव्वद टक्क्यांच्या वर कथीलच असतं. कडकपणा वाढवायचा झाला तर छापखान्यातल्या लायनोटाइप या खिळे पाडणाऱ्या यंत्राचा धातू आहे, ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. १८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये ते यंत्र सुरू झालं आणि १९७८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने गरम शिशावरची छपाई थांबवली. खिळे जुळवणारे छापखाने ज्यांनी आपल्याकडे पाहिलेत त्यांना या धातूची जात ओळखीची वाटेल. आता त्याचा भाव असा झालाय की तो मसाल्यासारखा चिमूटभरच परवडतो. छताचा पत्रा, जुने नळ, एक्स-रे खोलीच्या भिंतीतलं शिसं मऊ आणि स्वच्छ असतं, मिळालं तर सोडू नका, पण त्याच्या भरवशावर बसू नका. गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही. त्या पट्ट्या वितळवताना निघणारे वायू जीव घेऊ शकतात, आणि हाती शिसंही धड लागत नाही.

वजनं असोत की रेंजचा माल, दोन्हींना लागू असलेली एक गोष्ट. भंगार वितळवायची कढई आणि गोळ्या ओतायची भट्टी वेगळी ठेवा. कढईत भुसा किंवा मेण टाकून ढवळायचं, मळी काढायची, विटा पाडायच्या आणि त्या विटाच भट्टीत घालायच्या. विटांसाठी घरातलं इडलीपात्र उचलायचा मोह होतो. उचललंत तर ते स्वयंपाकघरात परत जाणार नाही हे घरी आधी सांगा. हे सगळं उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. कपडे वेगळे धुवायचे, बूट बाहेर. लहान मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, २०२१ मध्ये संदर्भपातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. घरात लहान मूल असेल तर मातीची चाळणीसुद्धा गॅरेजमध्ये नको, रेंजवरच चाळून आणा.

हिशोब म्हणाल तर १५८ ग्रेनची गोळी धरली (७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड) की एका पौंडात ४४ निघतात. रेंजच्या मालातून माती आणि जॅकेट जाऊन हाती किती उरेल ते बांधाच्या जातीवर ठरतं, वजनांत घट कमी असते. म्हणून कुणा नातेवाइकाचं टायरचं दुकान असेल आणि मागच्या खोलीत बंदीच्या आधीच्या बादल्या पडून असतील, तर त्या आधी घ्या. तसं कुणी नसेल तर क्लबच्या सेक्रेटरीला विचारा, बांध कधी खणणार आहात. इथे ओहायोत जून-जुलैत, चार दिवस पाऊस नसताना गेलात तर माल चाळायलाही सोपा आणि वाळवायलाही.