नाशिकच्या पावसात स्पोर्ट्स कार: मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 एस टायरचे परीक्षण

पोर्शे 718 केमनसारखी बुटकी आणि रुंद टायरांची गाडी नाशिकमध्ये बारा महिने चालवायची असेल, तर टायर निवडताना पावसाळ्याच्या चार महिन्यांचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. शहरात पाऊस तसा बेताचा असतो. पण विल्होळी ओलांडून गाडी मुंबईच्या दिशेला लागली की घोटीपासून त्याचा जोर वाढत जातो आणि इगतपुरी ते कसारा घाट या टप्प्यात रस्त्यावरून पाण्याचे पाट वाहत असतात. मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 एस हे टायर मी प्रामुख्याने याच रस्त्यावर पारखले आहेत आणि पावसासाठी मी ते निःशंकपणे सुचवेन.

2017 मध्ये आलेल्या या टायरमध्ये दोन प्रकारचे रबर वापरलेले आहे. बाहेरच्या बाजूचे रबर कोरड्या रस्त्यावरील वळणांसाठी, तर आतल्या बाजूचे सिलिकायुक्त रबर ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी आहे. म्हणूनच टायरच्या भिंतीवर, म्हणजे त्याच्या कडेच्या उभ्या बाजूवर, ‘आउटसाइड’ असे कोरलेले असते आणि टायर बसवून झाल्यावर ती अक्षरे चारही चाकांच्या बाहेरच्या अंगाला दिसतात ना, हे दुकानातच वाकून पाहून घ्यावे.

खरी परीक्षा ओल्या डांबरापेक्षा साचलेल्या पाण्याची असते. अवजड ट्रकांच्या रहदारीने रस्त्यावर चाकोऱ्या पडतात, त्यांत पाणी साचते आणि टायरवरच्या खाचांना ते वेळेत बाहेर फेकता आले नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. टायर जितका रुंद, तितके त्याला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. केमनमध्ये पुढचे टायर 235 आणि मागचे 265 मिलिमीटर रुंद आहेत. त्यात इंजिन मागच्या चाकांच्या बाजूला असल्याने पुढच्या चाकांवर भार कमी पडतो, म्हणून धोक्याची पहिली सूचना स्टिअरिंगमधून मिळते: ते क्षणभर पोकळ, हलके लागते. या टायरांवर तो हलकेपणा येतो, पण एकदम न येता हळूहळू येतो, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद सैल केला की पकड परत मिळते. मला या टायरचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो. घाटाच्या उतारावर जोराने ब्रेक दाबला, तरीही गाडी आपली रेषा सोडत नाही.

पावसात हवा थोडी कमी ठेवावी, असा सल्ला अनेक ठिकाणी आपुलकीने दिला जातो. तो मानू नये. हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर पाण्यावर चढतो. कंपनीने दाराच्या चौकटीवर दिलेला दाब टायर थंड असताना तपासून कायम ठेवावा.

मिशेलिनचाच पायलट स्पोर्ट कप 2 दिसायला आकर्षक आहे, पण तो मुख्यतः ट्रॅकसाठी बनवलेला आहे आणि त्याच्या नक्षीत पाणी वाहून नेणाऱ्या खाचा कमी आहेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात रोजच्या वापरासाठी तो घेऊ नये.

4 एसमध्ये उणे काहीच नाही, असे नाही. मागचे टायर पुढच्यांपेक्षा लवकर झिजतात, आणि पुढचे-मागचे माप वेगळे असल्याने त्यांची अदलाबदलही करता येत नाही. भिंत बुटकी असल्यामुळे पाण्याखाली दडलेला खड्डा थेट रिमपर्यंत जाणवतो. त्यामुळे 20 इंची चाकांचा मोह टाळून 19 इंचीच ठेवावीत.

कायद्याने खाचांची खोली किमान 1.6 मिलिमीटर असावी लागते, परंतु या वेगाच्या गाडीसाठी ती मर्यादा फारच तोकडी आहे. नव्या टायरची खोली सुमारे साडेसात मिलिमीटर असते. ती 3 मिलिमीटरवर आली की टायर अजून गोटा झालेला नाही म्हणून पुढे ढकलत न बसता मे महिन्यातच बदलून घ्यावा. खरेदीच्या वेळी भिंतीवरच्या ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत: पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. चारही टायरांची तारीख जवळपासची नसेल, तर दुसरा माल मागवून घ्यावा.